पायघडीवरची पावलं

“…मग देहभान सुटलं, हे ओळखायचं कसं, बाबा?”

निरंजनने पुन्हा विचारलं.

शंभूभारती ओसरीच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात पितळी घंगाळ, त्यात कोमट पाणी. म्हातारा आपले पाय धूत होता. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, अगदी सावकाश. मग त्यांनी पंच्याने पाय कोरडे केले, बॅटरी पेटवली आणि एकेक तळवा वळवून निरखून पाहिला.

“पाय धुतलेस का?” त्यांनी विचारलं.

निरंजनच्या कपाळावर आठी पडली.

हे रोजचंच होतं. सीना नदीच्या काठावरचा तो लहानसा मठ. तिथे एखाद्या दिवशी आरतीला उशीर होई, पण बाबांचं पाय धुणं टळत नसे. जेवण झालं की रक्तदाबाची गोळी टळत नसे. समोर शंभर माणसं बसलेली असोत, बाबा गोळी हातावर घेत, कपाळाला लावत आणि पाण्याबरोबर गिळत. लोक बघत. निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ज्याने देह मिथ्या म्हणून शिकवायचं, त्याने गोळ्या खायच्या?

बोलून दाखवायची सोय नव्हती. पण मनात होतं.

निरंजनभारती म्हणजे मठाचा अभिमान. शाळेतली संस्कृतची नोकरी सोडून आलेला. उपनिषदं तोंडपाठ, वाणी गोड, शरीर तपाने वाळलेलं. मठात आल्यापासून त्याने पायात चप्पल घातली नव्हती आणि औषधाचा थेंब घेतला नव्हता. बाबांच्या मागे गादी त्याचीच, हे सगळे धरून चालले होते. तोही धरून चालला होता.

उद्या सकाळी तो नर्मदेच्या परिक्रमेला निघणार होता. अनवाणी. जाण्याआधी त्याला गुरूच्या तोंडून एक शब्द हवा होता. तेवढाच.

“बाबा, मी शास्त्र विचारतोय, आणि तुम्ही पाय धुतले का विचारता.”

“बरं, सांग. देहभान सुटलं असं तुला का वाटतं?”

निरंजन सावरून बसला. हाच प्रश्न त्याला हवा होता.

“वैशाखात देवळाची फरशी तापते. लोक उड्या मारत पळतात. मी संथ प्रदक्षिणा घालतो. काटा रुतला तर मला पत्ता नसतो. बाबा, पायांना आता सुखही नाही आणि दुःखही नाही.”

“कधीपासून?”

“झाली असतील दोनेक वर्षं. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या. आग व्हायची, झोप लागू द्यायची नाही. मी ओळखलं, शक्ती जागी होतेय. सोसलं. मग एक दिवस सगळं शांत झालं.”

बाबांनी बॅटरी विझवली.

“तहान फार लागते का?”

“तहान?”

आतून सोजरबाईचा आवाज आला. मठाचं स्वयंपाकपाणी तिच्याकडे. “लागती म्हंजी! निजताना माठ भरून ठेवते, सकाळी उपडा घालावा तर थेंब पडत न्हाई. आन् अंगावर बघा की, निसती हाडं ऱ्हायल्यात बुवांची.”

“तप आहे ते, सोजरबाई,” निरंजन म्हणाला.

“आसंल बाबा. आमाला काय कळतंय.”

बाबा निरंजनकडे वळले.

“पाडव्याला तालुक्याच्या दवाखान्याची गाडी आली होती. रक्त तपासून घे म्हणालो होतो.”

“मला काय धाड भरलीय, बाबा?”

“पाय दाखव बघू.”

निरंजनने पाय चटकन मांडीखाली ओढून घेतले.

“नको. गुरूपुढे पाय करू नयेत.”

रीत खरीच होती. मठात शिष्य गुरूसमोर बसे तो मांडी घालून, तळवे झाकून. इतकी वर्षं निरंजनने ती रीत कसोशीने पाळली होती. म्हणून तर बाबांनी आपल्या लाडक्या शिष्याचे तळवे कधी पाहिलेच नव्हते.

खरं तर म्हाताऱ्याने तिथेच हट्ट धरायचा. कान धरून पाय पुढे ओढायचे. पण मोठी माणसंही रीतीपुढे गप्प बसतात.

“बरं…” ते म्हणाले. “उद्या बघू.”

*

सकाळी सगळा गाव लोटला.

दगडू परटाने मठाच्या पायरीपासून वेशीच्या वाटेपर्यंत पायघड्या घातल्या होत्या. शुभ्र, खळ दिलेल्या, एकीला एक जोडलेल्या. त्याच्या घराण्याचा मान होता तो. दोन्ही बाजूंना बायाबापड्या आरत्या घेऊन उभ्या. टाळ वाजत होते.

निरंजनने देवाला नमस्कार केला. गुरूच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, पण बोलले काहीच नाहीत. तो शब्द मिळाला नाही तो नाहीच.

तो पायऱ्या उतरला आणि पायघड्यांवरून चालू लागला. कमंडलू हातात, मान ताठ.

दहा-बारा पावलं गेला असेल. मागून एक बाई किंचाळली.

“पावलं उमटली! कुंकवाची पावलं उमटली!”

टाळ थांबले.

निरंजनने वळून पाहिलं.

पांढऱ्या कापडावर लाल पावलं उमटली होती. एका पायाचीच, एकाआड एक, थेट त्याच्यापर्यंत आलेली.

एकजण वाकला. त्याने त्या पावलाला बोट लावून कपाळाला लावलं. मग दुसरा. मग रीघच लागली. कोणी रडत होतं, कोणी जयजयकार करत होतं. सोजरबाईनेही हात जोडले.

निरंजनची छाती भरून आली. खोटं कशाला सांगा, त्यालाही ते खरं वाटलं. गुरूने जो शब्द राखून ठेवला, तो धरित्रीने दिला होता. भरल्या डोळ्यांनी त्याने मठाच्या पायरीकडे पाहिलं. आता तरी बोला, बाबा…

बाबा पायऱ्या उतरत होते. काठी टेकत, घाईघाईने. पहिल्या पावलापाशी ते वाकले. ओला डाग बोटाने टिपला, चिमटीत चोळला, नाकाशी नेला.

“रक्त आहे,” ते म्हणाले.

जयजयकार विरत गेला.

“कोणाचं?” निरंजनने विचारलं.

त्याने मनापासून विचारलं होतं. त्याच्या आवाजात दया होती. गर्दीत कोणाला तरी लागलंय, आणि ते बिचारं सांगत नाही, असंच त्याला वाटलं.

सगळे त्याच्या पायाकडे बघत होते.

“बस,” बाबा म्हणाले.

“बाबा, मुहूर्त…”

“खाली बस.”

तो बसला. बाबाही बसले, त्याच पायघडीवर, त्याच्यासमोर. आणि त्यांनी हात पुढे करून शिष्याचा उजवा पाय उचलला, आपल्या मांडीवर घेतला.

गर्दीतून एक हुंकार उठला. गुरूच्या मांडीवर शिष्याचा पाय. असलं पाहिलेलं कोणी नव्हतं.

“बाबा, नका! पाप लागेल मला!”

“लागू दे.”

त्यांनी तळवा वर केला. फुटक्या बांगडीची काच आत रुतली होती, चांगली बोटाच्या पेराएवढी. बाबांनी ती धरून ओढली. निरंजनच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

काचेचं एक ठीक होतं. ती आजची होती. पण करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला, एक जुनी जखम होती. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. तिला वास येत होता.

बाबांनी अंगठ्याने दाबलं.

“दुखतं?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

“…आणि इथं?”

“नाही, बाबा.”

म्हाताऱ्याची मान खाली गेली. डोळ्यांतून पाणी निसटलं आणि टपकन तळव्यावर पडलं.

निरंजनने ते पडताना पाहिलं. स्वच्छ पाहिलं. आणि ते गार होतं की गरम, पडलं की नाही पडलं, यातलं त्याला काहीही कळलं नाही.

तेव्हा तो घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा, लहान लेकरासारखा घाबरला.

“बाबा… मग ते देहभान…”

“सुटलेलं नाही रे. पाय सुटत चाललाय.”

बाबांनी पंचा फाडला आणि जखमेवर बांधला. “सरपंच, जीप आणा. तालुक्याला जायचंय.”

“माझं व्रत आहे, बाबा,” निरंजन पुटपुटला. “औषध न घेण्याचं.”

“कोणाला विचारून घेतलंस?”

“…देवाला.”

“आणि पायाला?”

दगडू परटाने डागाळलेल्या पायघड्या गोळा करायला सुरुवात केली होती. त्यातल्या एकीला हात घालून एक बाई म्हणाली, “मला द्या, देव्हाऱ्यात ठेवते.” दगडूने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “धुवायला टाकायची हाय, माय.”

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. त्यांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढली होती.

“मुंग्या येत होत्या तेव्हा का नाही आलात?”

निरंजनने भिंतीकडे पाहिलं. मुंग्यांना आपण काय समजलो होतो, हे त्या बाईला सांगण्याची त्याला लाज वाटली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. परिक्रमेला निघाला असता तर गुडघ्यापर्यंत पाय गेला असता, कदाचित तोही गेला असता. बाकीचा पाय वाचला. पण संवेदना परत यायची आशा धरू नका, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. पायाला आता स्वतःचं दुखणं सांगता येणार नाही. तेव्हा तुम्हीच त्याला रोज विचारायचं. डोळ्यांनी. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. जेवण वेळेवर. गोळ्या आणि इंजेक्शन चुकवायचं नाही.

निरंजन ऐकत होता. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मान डोलावत होते, कीर्तनाला बसल्यासारखे.

रात्रपाळीची परिचारिका गोळी घेऊन आली, तेव्हा निरंजनने ती हातावर घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती कपाळाला लावली.

*

महिन्याभराने तो मठात परतला. पायात दवाखान्याने दिलेली मऊ तळव्यांची जाड चप्पल होती.

पायरीशी येऊन तो थांबला. मठात पादत्राण चालत नसे. तो चप्पल काढायला वाकला.

“घालूनच ये,” बाबा वरून म्हणाले.

मठाचे पंच उभे होते. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, विठोबाअण्णा, घसा खाकरून म्हणाले, “बाबा, आपली रीत…”

“देवापर्यंत पायांनी यावं लागतं, अण्णा. आधी पाय तर राहू देत.”

निरंजन चपलेसह आत आला. उंबरा ओलांडताना तो रडला. बोटं गेली म्हणून नव्हे. आजवर जे जे मिरवलं होतं, ते सगळं त्या चपलेच्या आवाजात त्याला ऐकू येत होतं.

बाबांच्या शेजारी दुसरं घंगाळ ठेवलेलं होतं. बाजूला एक लहान आरसा होता.

त्यानंतर दोघं रोज संध्याकाळी पायरीवर बसू लागले. निरंजन पाण्यात आधी कोपर बुडवून बघे, कारण पाणी कढत आहे की कोमट हे पाय सांगणार नव्हते. मग पाय धुई, कोरडे करी आणि तळव्याखाली आरसा धरी. त्याच्या मांडीखाली आता काही लपलेलं नसे. गुरूसमोर तळवे उघडे असत. परिक्रमेचं नाव त्याने काढलं नाही. गादीचंही नाही. बाबांनीही विचारलं नाही.

मात्र मनातून एक गोष्ट जात नव्हती. पायाकडे बघताना त्याला आपण मेलेल्या माणसाजवळ बसलोय असं वाटे. ज्याला काही कळत नाही, त्याची सेवा कसली?

एका संध्याकाळी आरशात त्याला काहीतरी दिसलं.

डाव्या तळव्यावर, टाचेजवळ, एक काळा ठिपका. तिळाएवढा. त्याने बॅटरी जवळ नेली. शेजारचा चिमटा उचलला. हळूच धरून ओढलं.

बाभळीचा काटा होता. चपलेच्या कडेतून आत शिरलेला. टोकाला रक्ताचा ओलावा, आजचाच.

निरंजन त्या काट्याकडे बघत राहिला. सकाळपासून तो त्यावर चालला होता. नदीवर गेला होता, बागेला पाणी घातलं होतं, पूजा केली होती.

“बाबा…” त्याने चिमटा पुढे धरला. “काटा होता. मला कळलाच नाही.”

बाबा आपली टाच पुसत होते. त्यांनी मान वर केली. शिष्याच्या चिमट्यातला काटा पाहिला. मग त्याचा चेहरा पाहिला.

“कळला की…” ते म्हणाले. “आता दुसरा पाय बघ.”