पवळीचं विशेषण

फार वर्षांपूर्वी शाळेच्या खिडकीत बसून इंग्रजी शिकलेला एक पोपट होता. तो प्रत्येक जनावराला विशेषण लावायचा. पवळी गाढवीण ओढ्यावरच्या साकवापाशी अडून उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "ही स्टबर्न आहे. म्हणजे हट्टी."

मागे खोळंबलेले सगळे हसले. पवळीला ते लागलं, पण ती हलली नाही. "लाकडाला कुजका वास येतोय. मी कुणाला जाऊ देणार नाही."

रेड्याने तिला बाजूला सारून खूर टेकला आणि फळी कडाडून मोडली. तो कसाबसा मागे आला.

पोपट खाली उतरला. "पवळीताई, माझा शब्द चुकला. उगाच अडतो तो स्टबर्न. कारण ठाऊक असून अडतो तो फर्म, म्हणजे ठाम."

पवळी कान ताठ करून लांबच्या वाटेने निघाली. तिच्या पुढे कुणी गेलं नाही.