इवली मुंगीचा बेदाणा

ओट्याच्या फटीत दोन मुंग्या राहायच्या. थोरली इवली. धाकटी तर इवलीहून इवली.

थंडीचे दिवस. धाकटीच्या पोटात कालपासून कण नव्हता. इवलीला एक बेदाणा मिळाला. ती निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत मोठं पातेलं. कालिंदीमावशीने केकचा रवा भिजवलेला. इवली काठावरून चालली. पाय घसरला. बेदाणा पडला. डुबुक! गेला तळाशी.

हातातोंडाशी आलेला घास गेला. इवली रडली.

"रव्या रव्या, फुग रे. बेदाणा वर येईना. धाकटी उपाशी. मी काय करू?"

रवा म्हणाला, "मी नाही फुगत जा. सोडा फसफसत नाही."

इवली गेली सोड्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"सोड्या सोड्या, फसफस रे. रवा फुगेना. बेदाणा वर येईना. धाकटी उपाशी. मी काय करू?"

सोडा म्हणाला, "मी नाही फसफसत जा. आंबट दही हवं. दही कुठाय?"

इवली गेली दुधाकडे. तुरुतुरु... पाय दुखले.

"दुधा दुधा, दही हो रे. सोडा फसफसेना. रवा फुगेना. बेदाणा वर येईना. धाकटी उपाशी. मी काय करू?"

दूध म्हणालं, "मी नाही दही होत जा. विरजण लावलंय, पण थंडी वाजते. शाल मला गुंडाळत नाही."

इवली गेली शालीकडे. तुरु... तुरु...

"शाली शाली, दुधाला गुंडाळ गं. दही लागेना. सोडा फसफसेना. रवा फुगेना. बेदाणा वर येईना. धाकटी उपाशी. मी काय करू?"

शाल म्हणाली, "मी नाही गुंडाळत जा. माझ्यावर मांजरी झोपलीय."

इवली चढली मांजरीवर. धापा टाकत.

"मांजरी मांजरी, ऊठ गं. शाल हलेना. दही लागेना. सोडा फसफसेना. रवा फुगेना. बेदाणा वर येईना. धाकटी उपाशी. मी काय करू?"

मांजरी म्हणाली, "मी नाही उठत जा. रड तिकडे."

झालं. आता कुणीच उरलं नाही. धाकटीला काय सांगायचं? इवली मांजरीच्या कानाशी बसली. खूप खूप रडली. एक थेंब कानात पडला. टप्प.

मांजरीला पाणी मुळीच खपत नाही. कान झाडत उठली.

मांजरी उठली, शाल सुटली. शालीने दुधाला गुंडाळलं. दुधाला ऊब आली. हळूहळू दही लागलं, छान आंबट. दही गेलं रव्यात. मागोमाग सोडा. फस्स फस्स फस्स! बुडबुडेच बुडबुडे. रवा फुगला, वर, वर, वर. बुडबुड्यांबरोबर बेदाणाही वर आला.

इवली पातेल्याकडे धावली. कालिंदीमावशीने तिला पाहिलं. म्हणाली, "तुझा आहे होय? ने बाई, ने."

बेदाणा भिजून जड झाला होता. इवलीने ओढत ओढत फटीत नेला.

"धाकटे, ऊठ."

धाकटी हलेना. इवली घाबरली. बेदाणा तिच्या तोंडाला लावला. धाकटीने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग डोळे उघडले.

"ताई, तू खाल्लंस?"

मग इवलीने आपला पहिला घास घेतला.

बेदाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.