पडायच्या आधी वाजलेला होन

राजे गेले तरी त्यांचे होन बाजारात फिरत होते, त्या काळची गोष्ट. सोन्याचा मुलामा चढवलेला एक पितळी होन त्र्यंबकशेट सराफांच्या पेढीवर आला. शेट प्रत्येक जुना होन दगडी फरशीवर टाकत आणि कान देऊन ऐकत. खऱ्या सोन्याचा नाद "खणण्" असा लांबत जाई. खोटा होन मात्र बद्द वाजे आणि छिन्नीखाली त्याचे दोन तुकडे होत.

ती छिन्नी पाहून आपल्या होनाला घाम फुटला. इतक्यात वरच्या पिंजऱ्यातली मैना हुबेहूब "खणण्" बोलली. रोज ऐकून ऐकून तिनं तो नाद उचलला होता.

शेट पाणी प्यायला आत गेले, तसा होन कुजबुजला, "मैनाताई, काय गळा आहे हो तुमचा! खरं सोनंसुद्धा इतकं गोड वाजत नाही. मी फरशीवर पडलो की तेवढं एकदा गा ना!"

"एवढंच ना? गाते की!" मैना फुलून गेली. आजवर तिच्या गाण्याला कुणी दाद दिली नव्हती.

शेट परत आले. त्यांनी होन चिमटीत धरून उंच उचलला. होन आता इतका निर्धास्त, की त्यानं छिन्नीला चक्क डोळा मारला.

"खणण्!"

मैनेला कुठला धीर निघायला!

शेटनी एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा चिमटीतल्या होनाकडे पाहिलं आणि खो खो हसत छिन्नी उचलली.

"वा रे पठ्ठ्या! पन्नास वर्षं या गादीवर काढली, पण पडायच्या आधी वाजणारं सोनं आजच पाहिलं!"