आधी दिवा

"अण्णा, पहिला मान तुमचा. खाली उतरून बाकावर बसा ना!"

हणमंतअण्णा पायऱ्यांच्या काठावरच उभे राहिले. साठ वर्षं विहिरी खोदण्यात आणि बांधण्यात घालवलेला माणूस. केतकी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली दगड घडवायला शिकली, मग मोठी आर्किटेक्ट झाली. बिअरचा हा नवा कारखाना तिनेच बांधला होता. उद्या दहा वाजता तो पाहुण्यांना खुला होणार होता. नाक वर ठेवण्याजोगं काम होतं, आणि तिने ते ठेवलंही होतं.

दालनाच्या मधोमध दगडी पायऱ्यांचा गोल, खोल खड्डा. तळाशी बाक. पाहुण्यांनी तिथे बसायचं आणि मान वर करून भोवतीच्या उंच टाक्या बघायच्या.

भर दुपारी दालन रिकामं होतं. तरी कुठेतरी गुडगुड... मग शांत... पुन्हा गुडगुड...

"हितं कोण श्वास घेतंय गं?"

"बिअर आंबतेय, अण्णा. चार दिवस झाले टाक्या भरून. तिचा कार्बन डायऑक्साइड त्या पाइपातून पाण्याच्या बादलीत सुटतो."

"म्हंजे घेत न्हाई. सोडतंय."

"हो."

"आन् जातंय कुठं?"

केतकी हसली. "इंजिनिअरसारखंच बोलताय. तो तळाला झरोके मागत होता. मी नाही ठेवले, दगडाची रेघ मोडत होती. थांबा, मीच उतरून दाखवते."

तिने पायरीवर पाऊल टाकलं. अण्णांनी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून पहारीचा जोर होता.

"जुन्या हिरीत आधी काय सोडतो आपण?"

"...दिवा. विझला तर उतरायचं नाही. पण ही विहीर नाही, अण्णा!"

तिला राग आला होता. अण्णांना त्याचं काही नव्हतं. उद्याच्या पूजेच्या सामानातला लामणदिवा त्यांनी उचलला, पेटवला, खिशातल्या ओळंब्याच्या दोरीला बांधला आणि हळूहळू खाली सोडला.

वारा नव्हता. ज्योत सरळ होती. बाकाच्या थोडं वर आली, बारीक झाली... आणि गेली.

धूर वर आला नाही. तिथेच आडवा पसरला आणि खड्ड्यात गोल फिरत राहिला.

"पुन्हा लावा," केतकी म्हणाली.

पुन्हा लावला. पुन्हा तिथेच विझला. बाकावर बसलेल्या माणसाचं नाक जिथे येईल, बरोबर तिथे.

गुडगुड...

केतकी पायरीवरून मागे आली. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तिने दालनाची सगळी दारं उघडली. मग फोन लावला. उद्या कुणालाही आत सोडू नका, म्हणाली.

परत येऊन ती काठापासून दोन पावलं लांब उभी राहिली.

"अण्णा... काम कसं झालंय, ते तरी सांगा."

अण्णा दोरी गुंडाळत होते.

"हीर झकास बांधलीस, पोरी. भरली बी."