ऑनर्सची जागा

"मग नरसिंगला का नाही घेतलं, अप्पा?"

सिद्धलिंग अप्पा दुपारीच संध्याकाळच्या दासोहासाठी अंबाडीची पानं खुडत बसले होते. मठात रोज येईल त्याला जेवण असतं, आणि त्या जेवणाची भाजी निवडायचं काम अप्पांनी गादीवर आल्यापासून कुणाला दिलेलं नाही.

त्यांनी वर पाहिलं नाही.

मन्मथ उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नसता.

मन्मथ आणि नरसिंग दोघंही मठाच्या मोफत वसतिगृहात वाढलेले. पाचवीपासून एक खोली, दोघांच्या पुस्तकांना एकच पत्र्याची पेटी. बारावीला नरसिंगला मन्मथपेक्षा थोडे जास्तच गुण पडले.

त्या वर्षी विद्यापीठानं ऑनर्स कॉलेज सुरू केलं. विद्यापीठ सरकारी, फी नावापुरती. पण या कॉलेजात जागा मोजक्या. निवडक मुलं, त्यांना वेगळे प्राध्यापक, वेगळं ग्रंथालय. दोघांनी शेजारी बसून अर्ज भरले, आणि एकाच एसटीनं मुलाखतीला जाऊन आले.

काल निवड कळली. मन्मथ होता. नरसिंग नव्हता.

तेव्हापासून मन्मथ धुमसत होता. लोकांच्या पैशावर चालणारं विद्यापीठ, तो म्हणाला, आणि त्याच्या अंगणात यांनी स्वतःचं कुंपण घातलं. आधी गुण मागायचे, मग ते बाजूला ठेवायचे, आणि चहा पिता पिता मुलाखत घेणाऱ्या तिघांनी एका मुलाचं आयुष्य ठरवायचं. याला निवड म्हणायचं का, असं त्यानं विचारलं.

त्याला अप्पांकडून एकच गोष्ट हवी होती. ऑनर्स कॉलेजचे प्राचार्य धोंडगे सर एके काळी याच वसतिगृहात राहिलेले. अजून दर यात्रेला येऊन अप्पांच्या पायांवर डोकं ठेवत.

"तुमचा एक शब्द पुरे आहे, अप्पा."

अप्पांनी देठ बाजूला टाकले.

"मुलाखतीत नरसिंगला काय विचारलं?"

इतरांपेक्षा तू वेगळा कसा, असं विचारलं होतं. नरसिंग म्हणाला होता, मी वेगळा नाही सर, माझ्यासारखे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तिघांपैकी एक जण हसला. मग तुलाच का घ्यावं, म्हणाला. नरसिंगनं सांगितलं, ते तुम्ही ठरवा.

मुलाखत तिथंच संपली.

"आणि तुला काय विचारलं?"

"तेच."

"तू काय सांगितलंस?"



अप्पा पानं खुडत राहिले.

"वस्तीवरच्या मुलांचा वर्ग सांगितला," मन्मथ शेवटी म्हणाला.

"काय सांगितलं वर्गाबद्दल?"

"...मी सुरू केला, म्हणून."

तो वर्ग नरसिंगनं सुरू केला होता. नदीकाठच्या वस्तीवरची मुलं शाळेत जात नाहीत हे पाहून त्यानं एकेकाला हाताला धरून मठाच्या ओसरीवर आणलं. मन्मथ पुढे त्यात आला, गणित शिकवू लागला, आणि चांगलं शिकवत होता. पण सुरुवात त्याची नव्हती. हे सगळ्या मठाला ठाऊक होतं.

मन्मथचा चेहरा लाल झाला. आपण दुसरं काय करणार होतो, असं तो तावातावानं सांगू लागला. आम्ही म्हटलं की ते विचारतात, त्यात तुझं काय. आम्ही शिकवलं, त्यात तुझं काय. आम्ही वाढलो, त्यात तुझं काय.

"तिथं 'आम्ही'ला गुण नाहीत, अप्पा. जागा 'मी'ला मिळते. खोट माझ्यात नाही, त्यांच्या प्रश्नात आहे."

"प्रश्न वाईटच आहे," अप्पा म्हणाले.

त्यांचा हात थांबला होता. मन्मथनं त्यांचा असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

"पसा पसा जोंधळा देऊन गावांनी ही लेकरं वाढवली. आणि हे त्यांना विचारतात, तू गावापेक्षा वेगळा कसा? विचारणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे. धोंडगे तर इथलंच अन्न खाऊन गेलाय."

मन्मथला बरं वाटलं. आता अप्पा बोलतील, असं त्याला वाटलं.

अप्पांनी हात धुतले, खुंटीवरच्या पिशवीतून फोन काढला, नंबर लावला. आणि फोन मन्मथच्या हातात दिला.

"बोल. अन्याय तुला दिसलाय."

पलीकडे धोंडगे सरांनी लगेच उचलून मठातला नमस्कार घातला.

"शरणार्थ, अप्पा."

मन्मथ फोन कानाला धरून उभा राहिला.

"अप्पा? कोण बोलतंय?"

मन्मथनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा पुन्हा भाजीकडे वळले होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. आपलं नाव, मुलाखतीतलं उत्तर, वर्ग कुणाचा होता ते. आपल्या जागेवर हक्क नरसिंगचा आहे, तेही सांगितलं.

धोंडगे सरांच्या आवाजात मोठं कौतुक आलं. असा प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही, ते म्हणाले. समितीची निवड किती योग्य होती हेच यातून दिसतं. ही हकिकत त्यानं स्वागत समारंभात सर्वांसमोर सांगावी, पालकांवर फार चांगला परिणाम होईल.

नरसिंगचं काय, असं मन्मथनं विचारलं.

यादी झाली होती. प्रतीक्षा यादीतही नरसिंगचं नाव नव्हतं. त्याचं वाईट वाटतं, पण तो इथं टिकला नसता, असं सर म्हणाले.

"बघ ना, आताही तूच बोलतोयस. तो नाही."

मन्मथच्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

"माझं नाव काढून टाका," तो म्हणाला, आणि त्यानं फोन बंद केला.

त्याची मान ताठ होती. असल्या कॉलेजात आपण पाय ठेवणार नाही, विद्यापीठाच्या साध्या वर्गात नरसिंगच्या शेजारी बसू, असं त्यानं अप्पांना सांगितलं. आणि अप्पा आता डोक्यावर हात ठेवतील म्हणून तो वाकून उभा राहिला.

"नरसिंगला विचारलंस?"

"काय?"

"जागा सोडू का, म्हणून."

"त्यात काय विचारायचं? त्याच्यासाठीच तर सोडली."

"वर्गही तूच काढलास," अप्पा म्हणाले. "जागाही तूच सोडलीस."

मन्मथ ताडकन सरळ झाला. जागा घेतली तर चोर, सोडली तर अहंकारी, असं कसं? त्याचा राग आता अप्पांवर होता. जन्मभर सरळ वाग म्हणून शिकवलंत, आता सरळ वागलो तर त्यातही खोट काढता. मग सरळ वाट आहे तरी कुठली, ती एकदा दाखवा.

अप्पांनी पुढची जुडी ओढली.

बोलता बोलता मन्मथ परतीच्या प्रवासावर आला. मुलाखतीहून परतताना एसटीत नरसिंगनं आपलं उत्तर हसत हसत सांगितलं होतं. मग विचारलं होतं, तू काय सांगितलंस. मन्मथ म्हणाला होता, असंच काहीतरी. आणि खिडकीबाहेर बघत बसला होता. नरसिंगनं पुन्हा विचारलं नव्हतं.

"त्याला अजून ठाऊक नाही, अप्पा."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं.

"का... ठाऊक आहे?"

अप्पा खुडलेली पानं टोपलीत भरू लागले.

मन्मथ खाली बसला. दासोहाची दुपारची पंगत उठली होती. माणसं ताटं घासायला हौदाकडे चालली होती.

"आता काय करू?"

अप्पांनी अंबाडीची टोपली उचलून कडेवर घेतली.

"जेवून घे. नरसिंग ताटावर थांबलाय."