माळेवाडीचा शांत ऑपरेटर

माळेवाडीच्या शिवेवर विजेचं सबस्टेशन होतं, आणि त्या सबस्टेशनात सदोबा नावाचा एक भोळा ऑपरेटर होता. विजेच्या कामात भोळा माणूस टिकला कसा, असं विचाराल. टिकला, कारण पॅनेलसमोरच्या भिंतीवर एक पाटी होती. पाटीवर आठ ओळी. पॅनेलवरची धोक्याची घंटा वाजली की काय काय करायचं ते त्यात लिहिलेलं. सदोबा पहिल्या ओळीपासून आठव्या ओळीपर्यंत जायचा, एक ओळ कमी नाही की जास्त नाही. अकरा वर्षांत पॅनेलवर त्याच्या हातून एक चूक झाली नाही. चुका व्हायच्या त्या पाटी नसलेल्या ठिकाणी, आणि जगात पाटी नसलेली ठिकाणं फार आहेत.

सदोबाचा जीव पॅनेलसमोरच्या खुर्चीत होता. त्याचा बाप लाइनमन. जन्मभर खांबावर चढला, बसायला कधी मिळालं नाही. पोरगं खुर्चीवर बसलेलं बघायला म्हातारा एकदा मुद्दाम चालत आला, खुर्चीच्या हाताला हात लावला आणि परत गेला. तेव्हापासून सदोबा ड्यूटीवर आला की आधी खुर्ची पुसायचा, मग तोंड.

एके दिवशी शहरातल्या कॉलेजातून इनामदार मॅडम आल्या. ऑपरेटर लोकांच्या तब्येतीवर त्यांचं संशोधन चाललं होतं. सोबत एक मनगटी पट्टा होता आणि एक बोलणारा डबा. डब्याचं नाव सोबती.

"हे बघा सदोबा," मॅडम म्हणाल्या, "पॅनेलवरच्या माणसाला ताण आला की हातून चूक होते, आणि एका चुकीनं अख्खा तालुका अंधारात जातो. हा पट्टा तुमची नाडी मोजेल. शंभराच्या वर गेली की वाजेल, आणि काय करायचं ते सोबती सांगेल. पट्टा काढून ठेवायचा नाही. वाजला की हातातलं काम सोडायचं, खाली बसायचं, पाणी प्यायचं. कळलं?"

"कळलं," सदोबा म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

घाडगे साहेब म्हणजे सबस्टेशनचे इंजिनिअर. जाता जाता त्यांनी त्याच्या कानात सांगितलं, "महिनाभराचे आकडे बघून खुर्चीवर कोण बसणार ते ठरणार आहे. नापास झालास तर गोदामात जाशील. तिथं खुर्ची नाही. स्टूलसुद्धा नाही."

सदोबानं खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. मनगटावर नुकताच बांधलेला पट्टा तिथंच पहिल्यांदा वाजला. सदोबा खाली बसला आणि पाणी प्याला. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!"

दोन दिवसांनी त्याच्या मेहुणीचं लग्न होतं. अंतरपाट धरायला एका बाजूला मामा आणि दुसऱ्या बाजूला सदोबा. भटजींचा गळा मोठा, मंगलाष्टकं लांब, ऊन रणरणतं. सदोबाचे हात भरून आले. पाचव्या मंगलाष्टकाला पट्टा वाजला.

हातातलं काम सोडायचं. सदोबानं अंतरपाट सोडला. खाली बसायचं. तो नवरानवरीच्या मधोमध मांडी घालून बसला. मुहूर्ताला अजून अवकाश होता. नवऱ्यानं नवरी बघितली, नवरीनं नवरा बघितला, आणि लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता घाईघाईनं सदोबाच्या डोक्यावर टाकल्या.

"पाणी द्या," सदोबा म्हणाला.

पाणी मिळालं. पण त्याची बायको शेवंता चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं घाडगे साहेबांकडे तक्रार केली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे सदोबा, काम असं अर्ध्यात टाकून बसतात का? आधी ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मग बसायचं!"

"चुकलं बघा," सदोबा म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करतो."

मॅडमनाही ते पटलं. त्यांनी सोबतीलाही तसंच शिकवलं.

पुढची खेप मंगळवारी आली. जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून फोन आला. पलीकडचे साहेब तापट होते. कोणत्या गावाकडे जाणारा फीडर केव्हा बंद केला, का केला, कोणाला विचारून केला, अशी सरबत्ती सुरू झाली. सदोबाचा पट्टा वाजला. सोबती गोड आवाजात म्हणाला, "आपली नाडी एकशे आठ. काम दुसऱ्याच्या हाती द्या. बसा. पाणी प्या."

सदोबानं दुसरा माणूस शोधला. दारात कौसाबाई उभी होती. तिची पिठाची गिरणी होती आणि लाइट गेली म्हणून ती भांडायला आली होती. सदोबानं फोन तिच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" पलीकडून साहेब ओरडले.

"तूच का रं लाइट घालवणारा?" कौसाबाई म्हणाली. "बरा घावलास!"

पुढची वीस मिनिटं जिल्ह्याचं वीजनियंत्रण कौसाबाईच्या ताब्यात होतं. गिरणीचा पट्टा कसा तुटला, पीठ जाडं कसं पडलं, सून माहेरी का गेली, हे सगळं तिनं साहेबांना सांगितलं. सदोबा खुर्चीत बसून पाणी पीत होता. त्याची नाडी बहात्तरवर आली.

संध्याकाळी घाडगे साहेब तांबडेलाल होऊन आले. "अरे शहाण्या, काम कुणाच्याही हातात देतात का? नोंदवही कशाला ठेवलीय? चार्ज कोणाकडून कोणाकडे ते लिहायचं. सही घ्यायची, सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा. त्याशिवाय काही द्यायचं नाही आणि काही घ्यायचं नाही!"

"चुकलं बघा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

आणि त्यानं तसंच केलं. सदोबाला कितीही नावं ठेवा, सांगितलेलं तो विसरला असं कधी झालं नाही. विसरला असता तर किती बरं झालं असतं.

गुरुवारी घाडगे साहेब जुन्या फायलींची पेटी कपाटावरून काढायला स्टुलावर चढले. पेटी त्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाली. साहेब मागं कलले.

"सदोबा, घे, घे! मला पेलवत नाही!"

सदोबा धावला. पण साहेबांकडे नाही, नोंदवहीकडे. "पेटी, नग एक," त्यानं लिहिलं. "साहेब, आत काय काय आहे?"

"सदोबाऽऽ!"

"देणाऱ्याची सही इथं करा."

साहेब पेटीसकट खाली आले. आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या खालीच होत्या म्हणून हाडं शाबूत राहिली. वाळू मात्र त्यांच्या कानातून दोन दिवस निघत होती.

"अरे गाढवा," साहेब वाळूतूनच म्हणाले, "ज्याला पेलवत नाही त्याचं ओझं, ज्याला पेलवतं त्याच्या अंगावर आधी द्यायचं! लिहायचं मागाहून!"

"चुकलं बघा," सदोबा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पुढच्या खेपेला तसंच करतो."

त्या आठवड्यात मॅडम आकडे बघायला आल्या. कागदावरची रेघ डोंगरासारखी वर खाली जात होती. खुर्ची जाईल या धास्तीनं सदोबाची नाडी वाढायची. नाडी वाढली म्हणून पट्टा वाजायचा. पट्टा वाजला म्हणून धास्ती आणखी वाढायची.

"सदोबा, हे असंच राहिलं तर तुम्हाला पॅनेलवर बसवता येणार नाही," मॅडम हळहळून म्हणाल्या. "ऑपरेटर शांत पाहिजे. भोवती काहीही होवो, जागचं हलायचं नाही. तुमच्या घरात आहे का असं कोणी शांत?"

सदोबानं विचार केला. शेवंता नव्हे. सासूबाई तर मुळीच नव्हेत. "एक आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर. तिकडे बघून शिका."

घरी येऊन सदोबा गोठ्यात बसला आणि चंद्रीकडे बघू लागला. चंद्री ही त्याची म्हैस. दिवाळीत तिच्या पायाशी लवंगी माळ फुटली होती तेव्हा तिनं एक कान हलवला होता, तोही माशी बसली म्हणून. सदोबानं तासभर तिच्याकडे बघितलं. मग पट्ट्याकडे बघितलं. पट्टा वाजतच होता.

आपल्याला हे पेलवत नाही, त्याच्या मनात आलं. हिला पेलवतं.

त्याला साहेबांचे शब्द आठवले आणि जीव भांड्यात पडला. मॅडमनी पट्टा काढून ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यानं तो ठेवला नाही. काढला आणि लगेच चंद्रीला बांधला. जनावरांचे डॉक्टर म्हशीची नाडी शेपटीच्या मुळाशी बघतात हे त्याला ठाऊक होतं. पट्टा तिथं चपखल बसला. मग त्यानं सबस्टेशनातून नोंदवही आणि शाईचा पॅड आणला. लिहिणं मागाहून, पण लिहिणं हवंच. "ऑपरेटरचा चार्ज सदोबाकडून चंद्रीकडे," एवढी ओळ त्यानं लिहिली. म्हाताऱ्या बापाची आठवण आली. डोळे पुसून त्यानं आपली सही केली आणि खाली चंद्रीचा खूर उमटवून घेतला. मॅडमचे कागद बरोबर यायला हवे होते. तालुका अंधारात जायला नको होता. म्हणून पॅनेलवर तो चंद्रीच्या वतीनं उभ्यानंच काम करू लागला; लांब बाहीच्या सदऱ्यामुळे त्याच्या मनगटाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी सोबतीतले आकडे काढले आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "घाडगे साहेब, नाडी अठ्ठेचाळीस! रात्रंदिवस अठ्ठेचाळीस! असं हृदय मी फक्त पळणाऱ्या खेळाडूंमध्ये पाहिलंय. पट्टा हालचालही टिपतो; जेवण किती वेळ चालतं बघा, सावकाश, चावून चावून!"

ही बातमी वर गेली. अकरा सबस्टेशनांचे मोठे साहेब, राजोपाध्ये साहेब, स्वतः बघायला येणार असं ठरलं. घाडगे साहेबांनी सदोबाला बोलावून बजावलं, "उद्या ज्याच्या अंगावर पट्टा आहे तोच ऑपरेटर पॅनेलसमोर पाहिजे. दुसरं कोणी चालणार नाही."

"खुर्चीत मावायचं अवघड आहे, साहेब."

"मावेल, मावेल. अंग चोरून बसायचं. आणि डोक्यावर हेल्मेट पाहिजे!"

"बसेल असं वाटत नाही."

"दोरीनं बांध!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजोपाध्ये साहेब गाडीतून उतरले. प्रयोग समजावा म्हणून मॅडमनी दारातच त्यांच्या मनगटावरही एक पट्टा बांधला. सगळे पॅनेल रूममध्ये शिरले.

मोठमोठी पॅनेलं आत नेता यावीत म्हणून त्या खोलीचं दार रुंद होतं. त्यामुळे आत यायला चंद्रीला काही त्रास झाला नव्हता. ती पॅनेलसमोर रबराच्या चटईवर उभी होती. शिंगांच्या मधोमध पिवळं हेल्मेट होतं, दोरीनं बांधलेलं. खुर्ची बाजूला सरकवून सदोबा हात जोडून उभा होता.

"ऑपरेटर कुठे आहे?" राजोपाध्ये साहेबांनी विचारलं.

"ही काय," सदोबा म्हणाला. "चंद्री, साहेब आलेत."

चंद्री रवंथ करत राहिली. सोबती म्हणाला, "नाडी अठ्ठेचाळीस. ऑपरेटर कामास अत्यंत योग्य."

घाडगे साहेबांनी भिंत धरली. मॅडमनी तोंडावर हात धरला. राजोपाध्ये साहेबांनी नोंदवही मागवली, ती ओळ वाचली, खुराचा ठसा बघितला आणि सदोबाकडे बघितलं. "तू तुझी खुर्ची म्हशीला दिलीस?"

"द्यावी लागली, साहेब," सदोबा म्हणाला. "शांत माणूस पाहिजे म्हणाल्या मॅडम. मी खुर्चीपायी धडधडत होतो. ही धडधडत नाही."

मग मॅडमच म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे. खुर्ची जाईल असं सांगून मी याची नाडी मोजत बसले. अशानं कोणाची वाढणार नाही? अकरा वर्षांत पॅनेलवर याची एक चूक नाही, आणि ते मी कुठे मोजलंच नाही."

राजोपाध्ये साहेबांनी मान हलवली. रागानं की हसू दाबून, ते कळत नव्हतं. "खुर्ची याचीच," ते म्हणाले. "माझा शब्द आहे. कोणी काढून घेणार नाही."

सदोबाला एवढा आनंद झाला की त्यानं आधी चंद्रीला मिठी मारली आणि मग खुर्चीला.

ते बघून राजोपाध्ये साहेबांना हसू आवरेना. ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला आणि दम लागला. त्यांच्या मनगटावरचा पट्टा वाजू लागला. सोबती गोड आवाजात म्हणाला, "आपली नाडी एकशे चौतीस. काम दुसऱ्याच्या हाती द्या. बसा. पाणी प्या."

सगळे गडबडले. सदोबा मात्र गडबडला नाही. एवढ्या दिवसांत शिकलेलं सगळं त्याला आठवत होतं, आणि या खेपेला काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं आपली लाडकी खुर्ची पुढं केली, साहेबांना बसवलं आणि पाण्याचा पेला दिला. काम अर्ध्यात टाकायचं नाही. ज्याला पेलवतं त्यालाच द्यायचं. आणि लिहून द्यायचं. त्यानं नोंदवही उघडली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: "अकरा सबस्टेशनांचा चार्ज, राजोपाध्ये साहेबांकडून चंद्रीकडे." खाली चंद्रीचा खूर उमटवला.

मग शाईचा पॅड घेऊन तो साहेबांपुढं अदबीनं वाकला.

"साहेब, तुम्हाला सही येते, का तुमचाबी अंगठाच घेऊ?"