गिरजाचा न घेतलेला पास

गिरजाचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण चक्रनगरीत फिरायला कोणता पास घ्यावा हे काही केल्या ठरत नव्हतं.

जायला तर हवंच होतं. तिच्या भावाला, केरबाला, मुलगी झाली होती आणि मंगळवारी भरदुपारी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि त्या बाळाला आत्या एकच. ती वेशीवर अडकली, की पोर बिननावाची राहणार! केरबाचं घर नगरीच्या दुसऱ्या टोकाला, साळी आळीत. आणि नगरीत पायी चालायला मनाई. उग्रकेतू महाराजांनी हत्ती, छकडे आणि नावा ठेवल्या होत्या, त्या काय शोभेला? त्यांचे सत्तावीस प्रकारचे पास महाराजांनी जातीने योजले होते, आणि वेशीवरच्या खिडकीत तेच बसत. योग्य पास निवडेल तो आत. चुकेल त्याने उद्या यावं.

आजवर सगळेच उद्यावर गेले होते.

गिरजाला वाचता येत होतं, तेच नडलं. बाकीचे तोंडाला येईल तो पास मागून मोकळे होत. हिने चावडीतून नियमांची चोपडी आणून तीनदा वाचली, आणि दर वाचनाला तिला आपली अक्कल थोडी आटल्यासारखी वाटली. दिवसाचा पास घ्यावा, तर सूर्यावर ढग आला की दिवस संपला. आठवड्याचा घ्यावा, तर त्यात मंगळवार नव्हता. हत्तीचा पास चढण्यापुरता होता, उतरायचा वेगळा. दुसरी कुणी शहाणी बाई असती, तर एव्हाना पोचून पाळण्याला फुलं बांधत असती, असं तिला वाटत राहिलं.

रांगेत तिच्यापुढे एक कासार होता. त्याने नावेचा पास मागितला. पोहता येतं का, असं महाराजांनी विचारलं. तो अभिमानाने हो म्हणाला. मग नाव कशाला, म्हणून कासार उद्यावर गेला.

पाच वर्षांच्या लेकीचा, ठकूचा, हात धरून गिरजा पुढे सरकली. पहाटे तिने छकड्याचा पास ठरवला होता, विहिरीपाशी हत्तीचा, आणि आता डोकं रिकामं होतं. खांबाची सावली पायरीला टेकेपर्यंत ठरव, असं महाराज म्हणाले. सावली वीतभर उरली होती. गिरजाला मोठी जांभई आली, आणि जांभईबरोबर एकोणिसावं कलम आठवलं.

"महाराज, झोपलेला उतारू सामान समजावा, हा नियम आपलाच ना?"

"सगळे आमचेच. झोपलेल्याला हलवून पास विचारायचा, तर तपासनीस शिव्या खातात."

"आणि बेवारस सामान?"

"तत्काळ पत्त्यावर पोचवायचं. आमच्या खास मेण्यातून, फुकट. आमच्या नगरीत काही हरवत नाही!"

"मग मला पास नको," गिरजा म्हणाली. तिने पदराला एक चिठ्ठी अडकवली: केरबा यांचे घर, साळी आळी. दुसरी ठकूच्या परकराला लावली. डोळे मीट आणि गप्प पड, असं लेकीला बजावून तिने गाठोडं उशाशी घेतलं.

"अगं, पण या सामानाचा मालक कोण?"

"आता काही विचारू नका, महाराज. सामान उत्तर देत नसतं."

आणि ती झोपली. सोंग आहे म्हणून महाराजांनी नगारा वाजवायला लावला. गिरजाचं घोरणं नगाऱ्याच्या ठेक्यावर आलं. कानाशी शिंग फुंकलं, तर तिने कूस बदलली. तीन रात्रींची साचलेली झोप होती ती. नगाऱ्याला थोडीच दबणार!

नियम राजाचा, तो राजाने कसा मोडावा? मेणा मागवला. वाटेत ही जागी होणारच, आपण डोळ्यांनी पाहू, म्हणून महाराजही निघाले. तेव्हा कारकून खाकरला.

"महाराज, आपला पास?"

महाराजांनी सत्तावीस पासांकडे पाहिलं. एकदा, दोनदा. सावली पायरीवर चढली. मग त्यांनी मुकाट्याने शेल्याला चिठ्ठी लावली आणि मेण्याच्या दुसऱ्या टोकाला आडवे झाले.

साळी आळीत मुहूर्त येऊन ठेपला आणि पाळण्यापाशी भोयांनी झोपलेली आत्या उतरवली. बायका क्षणभर गोंधळल्या. पण आत्या बाळाच्या कानाशी वाकली, की तिच्या पाठीत धपाटे घालायचे हा बायकांचा हक्क. दोघींनी गिरजाला धरून वाकवलं, उरलेल्यांनी हक्क बजावला. सातव्या धपाट्याला गिरजाने डोळे उघडले. समोर इवलासा कान होता. "कुर्रर्र! मंजुळा," ती पुटपुटली, आणि पाळणा हलला.

मग तिने मागे वळून पाहिलं. दारात महाराज उभे होते. झालं, आता आपल्यामुळे केरबालाही नगरीबाहेर काढणार!

"सगळ्यांत उत्तम पास कोणता, ते तू सांगितलंच नाहीस," महाराज म्हणाले.

"न घेतलेला, महाराज. सत्तावीसांनी मला नुसतं जागवलं. याच्यावर तेवढी झोप लागली."

महाराज इतके हसले, की मंजुळा दचकून रडू लागली, आणि तिला थोपटता थोपटताही हसत राहिले. गिरजाला जरीचं लुगडं मिळालं, बाळाला चांदीचा वाळा. सत्तावीस पास त्याच दुपारी बंबात गेले. गिरजा आणि ठकूने जन्मभर कशातही बसावं, असा हुकूम निघाला.

"झोपेतही शिस्त पाळणारी माणसं आम्हाला आवडतात," महाराज म्हणाले. "आम्हीही वाटभर गाढ झोपलो होतो."

"मी नव्हते झोपले," ठकू म्हणाली. "हत्ती आला तेव्हा मी एक डोळा उघडला. तेव्हा तुमचाही एक उघडाच होता."